पहिली रेसिंग सायकल: गावच्या रस्त्यावर टिकणारी फ्रेम कशी निवडायची

रोड रेसिंग सुरू करायची म्हटलं की पहिला अडसर फ्रेमचा येतो. स्टील, ॲल्युमिनियम, कार्बन, टायटॅनियम यांतलं दुकानदार सगळ्यात हलकं तेवढं पुढे करतो आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंत कार्बनशिवाय बोलणंच नसतं. पण आर्णी, चिमूर, मेहकर, धारणीकडे राहून सराव करणाऱ्याने फ्रेमला वेगळे प्रश्न विचारायला हवेत. ती कुठून तुटते? तुटायच्या आधी खूण दाखवते का? आणि तुटलीच, तर तालुक्याच्या गावी तिचं काही होऊ शकतं का?

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल इथेच. नवी सायकल घेत असाल तर ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. पैसे कमी असतील आणि जुनी सायकल पारखून घ्यायची तयारी असेल तर क्रोमोली, म्हणजे रेसिंगचं हलकं स्टील. कार्बन फ्रेम पहिल्या सायकलीला नको. ती अपघातात गेली तर दुसरी घेता येईल एवढी सोय झाल्यावरच तिचा विचार करा. असं का, ते पुढे आहे.

## १. आधी रस्ता आणि पैसे कागदावर मांडा

दुकानात जाण्यापूर्वी एवढं लिहून काढा: रोजचा सराव कोणत्या रस्त्यावर, पावसाळ्यात चालवणार का, शर्यतीला सायकल कशाने नेणार, घरात ती कुठे राहणार, आणि एकूण रक्कम किती.

रस्त्याचा फरक मोठा आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिमकडे पावसाळ्यात पांदणीतून निघालेले ट्रॅक्टर काळ्या मातीचे गोळे डांबरावर आणून टाकतात. ही माती चाक आणि फ्रेमच्या मधे गच्च बसते, आणि वाळली की रंग खरवडून काढते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात चिखलापेक्षा ओल जास्त छळते, म्हणजे तिथे गंज आला. सिमेंट रस्त्यावर दर काही मीटरला सांध्याचा धक्का बसतो. समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगी नाही, तेव्हा सराव जुन्या राज्य मार्गांवर आणि जिल्हा रस्त्यांवरच होणार, खड्ड्यांसकट.

पैशांचं सांगायचं तर ॲल्युमिनियम फ्रेमची नवी रोड सायकल ढोबळमानाने ४० ते ८० हजारांत बसते, चांगली कार्बन सायकल दीड लाखाच्या पुढे जाते. सगळी रक्कम सायकलीत घालू नका. हेल्मेट, बूट-पेडल, पंप, चार ट्यूब आणि सुटे भाग यांसाठी निदान १० हजार बाजूला ठेवा. बाभळीचा काटा फ्रेमची किंमत पाहून टोचत नाही.

## २. चारही पदार्थ नीट ओळखा

स्टील. साध्या सायकलीचं ‘हाय टेन’ स्टील मजबूत असतं, पण नळ्या जाड असल्याने नुसती फ्रेमच तीन किलोच्या आसपास भरते. ती रेसिंगच्या कामाची नाही. रेसिंगचं स्टील म्हणजे क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं, बहुतेक वेळा ४१३० जातीचं. त्याच्या नळ्या ‘बटेड’ असतात: टोकाला, जिथे जोड येतो तिथे, ०.९ मिमी जाड आणि मधे ०.६ मिमी. अशी फ्रेम १.८ ते २.२ किलोत बसते.

स्टीलचे दोन गुण गावात सोन्याचे आहेत. एक म्हणजे ठरावीक मर्यादेच्या खालचा ताण कितीही वेळा पडला तरी ते थकत नाही, आणि चीर गेली तरी ती बहुधा हळूहळू वाढते. आधी कुरकुर ऐकू येते, मग रंगावर रेघ दिसते, आणि सायकल घरापर्यंत पोहोचते. दुसरा गुण दुरुस्तीचा. वाकलेला हँगर, म्हणजे मागचा गिअर जिथे लटकतो तो कान, सरळ करता येतो आणि तुटलेला जोड गॅसवर पितळेने झाळता येतो. मात्र ट्रॉली आणि गेट जोडणाऱ्या आर्क वेल्डिंगवाल्याकडे बटेड नळी देऊ नका, ०.६ मिमीच्या पत्र्याला तो सरळ भोक पाडेल. गॅसवर बारीक झाळकाम करणारा जुना कारागीर शोधा.

दोष गंजाचा, आणि तो आतून लागतो. त्यावरचा उपाय सातव्या पायरीत आहे.

ॲल्युमिनियम. स्टीलच्या मानाने याची घनता एक तृतीयांश आणि ताठपणाही एक तृतीयांशच. म्हणून नळ्या जाडजूड व्यासाच्या करतात, कारण व्यास वाढला की ताठपणा फार झपाट्याने वाढतो. फ्रेम १.२ ते १.७ किलोची होते आणि पेडलला जोर दिला की लचकत नाही. फ्रेमवर ६०६१ किंवा ७००५ लिहिलेलं असतं. दोन्ही चांगले. पुढे ‘टी६’ असेल तर धातूवर उष्णतेची पक्की प्रक्रिया झाली आहे.

दुरुस्तीची अडचण इथेच आहे. ६०६१ वर वेल्डिंग केलं की जोडाजवळच्या धातूची ताकद जवळपास निम्मी होते. ती परत आणायला अख्खी फ्रेम भट्टीत तापवून, पाण्यात विझवून पुन्हा मुरवावी लागते. एमआयडीसीतला आर्गॉन वेल्डर जोड सुंदर करून देईल, पण भट्टीचं काम कुणी करणार नाही. अशी जोडलेली फ्रेम शर्यतीत वापरू नका. ॲल्युमिनियमची फ्रेम तडकली की ती भंगार, हे घेतानाच मनाशी ठरवून टाका.

ॲल्युमिनियम थकतं म्हणून लवकर तुटतं, असं मात्र समजू नका. त्याला स्टीलसारखी थकव्याची मर्यादा नाही हे खरं, पण चांगला बनवणारा नळी इतकी रुंद करतो की रोजचा ताण थोडाच राहतो. १९९७ साली जर्मनीतल्या ‘टूर’ मासिकाने १२ महागड्या रेसिंग फ्रेम यंत्रावर बसवून पेडलचा ताण देत तपासल्या. न तुटता राहिल्या त्या तीनच, दोन ॲल्युमिनियमच्या आणि एक कार्बनची. स्टीलच्या आणि टायटॅनियमच्या सगळ्या तुटल्या. म्हणजे आयुष्य ठरतं ते आखणीवर आणि जोडकामावर, धातूच्या नावावर कमी.

कार्बन. कार्बनचे धागे आणि रेझिन, म्हणजे त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ, यांचे थर एकावर एक देऊन ही फ्रेम बनते. धाग्याच्या दिशेने ताकद प्रचंड, म्हणून ८०० ग्रॅमपासून ११०० ग्रॅमपर्यंतची फ्रेम सहज मिळते. सरावाचा ताण, चढाचा जोर हे सगळं ती वर्षानुवर्षं झेलते. तिला मारतो तो बाजूने बसलेला टोकदार घाव आणि नळीवर आवळलेली पकड. सायकल दगडावर आडवी पडली, टपावर दोरीने करकचून बांधली, दुरुस्तीच्या स्टँडमध्ये वरची दांडी धरली, की आतले थर सुटतात. बाहेरून रंगावर एक ओरखडा, बस. धातू पोचा दाखवतो, कार्बन बऱ्याचदा काहीच दाखवत नाही.

दुरुस्ती होते आणि चांगली होते, पण त्यासाठी फ्रेम मोठ्या शहरातल्या जाणकाराकडे पाठवावी लागते. गावात एमसील किंवा फायबरची पट्टी लावून ती चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

विदर्भात एक भीती हमखास ऐकू येते की मे महिन्यातल्या ४६-४७ अंशांत कार्बन मऊ पडतो. चांगल्या फ्रेमचं रेझिन साधारण १०० अंशांच्या वर गेल्यावरच मऊ होऊ लागतं, उन्हाने फ्रेमला काही होत नाही. उष्णतेचा खरा धोका रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेलाच दाबणारा ब्रेक, असलेल्या कार्बन चाकांना आहे. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापून फुगते. अशी चाकं घाटाच्या शर्यतीला लावू नका.

टी७००, टी८०० हे आकडे धाग्याची जात सांगतात. थर कसे दिले, हवेचे बुडबुडे राहिले का, हे त्यावरून कळत नाही. नाव-गाव नसलेली स्वस्त कार्बन फ्रेम ऑनलाइन दिसली तर तिकडे वळू नका. फ्रेमने आयएसओ ४२१० ही सुरक्षा चाचणी पार केली आहे का ते विचारा. त्या चाचणीत फ्रेमवर एक लाख वेळा पेडलचा ताण दिला जातो.

मोठे स्पर्धक कार्बन वापरतात म्हणून तोच टिकाऊ, हा तर्क चुकीचा आहे. टूर द फ्रान्सची १९९८ ची विजेती सायकल ॲल्युमिनियमची होती, त्यानंतर कार्बनचं राज्य आलं ते वजन आणि वाऱ्यातल्या आकारामुळे. त्या संघांच्या गाडीवर तयार सायकली लागलेल्या असतात. तुमच्याकडे एकच आहे.

टायटॅनियम. गंजत नाही, स्टीलसारखंच ठरावीक मर्यादेच्या खालच्या ताणाने थकत नाही, दिसतंही देखणं. पण नुसत्या फ्रेमलाच लाखाच्या वर मोजावे लागतात आणि तिचं वेल्डिंग आतून-बाहेरून आर्गॉन भरूनच होतं. नवख्याने सोडून द्यावं.

## ३. वजनाचा हिशेब एकदा करा

तुम्ही, सायकल, पाणी मिळून ७५ किलो धरा. फ्रेम एक किलो जड असली तर तासाभराच्या घाटात साधारण पाऊण मिनिट जास्त लागतं. चिखलदऱ्यासारख्या ११०० मीटर उंचीवर नेणाऱ्या चढात हे महत्त्वाचं आहे. पण सपाट रस्त्यावर, आणि आपल्याकडच्या बहुतेक शर्यती सपाटच असतात, एका किलोने फरक जवळपास पडतच नाही. तिथे लढाई वाऱ्याशी असते. हँडलवर वाकून किती वेळ बसता येतं, घोळक्यात किती चिकटून राहता येतं, यावर निकाल लागतो. म्हणून हलक्या फ्रेमपेक्षा मापात बसणारी फ्रेम घ्या. भिंतीला टेकून, दोन्ही पायांमध्ये पुस्तक घट्ट धरून, जमिनीपासून आतल्या पायाची उंची सेंमीत मोजा. तिला ०.६६ ने गुणलं की फ्रेमचं अंदाजे माप निघतं. ८० सेंमी असेल तर ५३ च्या आसपास.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. तिथपर्यंत पोहोचायची काळजी सध्या नको.

## ४. फ्रेमचे हे भाग घेण्याआधी बघा

पदार्थ चांगला असूनही फ्रेम वाया जाते ती बहुधा यांच्यामुळे.

- बीबीची वाटी (पेडलच्या दांड्यांचा आस फ्रेममध्ये जिथे फिरतो ती जागा): आट्यांची, म्हणजे ६८ मिमी बीएसए पद्धतीची, मिळाली तर तीच घ्या. दाबून बसवलेली प्रेस-फिट वाटी चिखल-पाण्यात कुरकुरते आणि ती काढायचा-बसवायचा प्रेस तालुक्याला मिळत नाही.
- हँगर: मागच्या गिअरचा हँगर सुटा आणि स्क्रूने बसणारा हवा. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो आणि फ्रेम वाचते. प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा असतो, म्हणून सायकलीबरोबरच दोन जादा घ्या. नंतर तोच मिळेल याचा भरवसा नसतो.
- टायरची जागा: २५ मिमीच्या वर टायर जात नसेल तर ती फ्रेम आपल्या रस्त्याची नाही. २८ मिमीचा टायर बसून दोन्ही बाजूंना निदान ४ मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. ३२ बसत असेल तर आणखी चांगलं.
- सीट पोस्ट (सीट जिच्यावर बसते ती दांडी): पोस्ट आत इतकी जायला हवी की तिचं टोक वरच्या दांडीच्या जोडाच्या खाली पोहोचेल. फ्रेम लहान पडते म्हणून पोस्ट वर ओढून चालवली की ॲल्युमिनियमची नळी नेमकी त्या जोडाशी तडकते. मोठ्या भावाची सायकल धाकट्याला चालते, पण धाकट्याची मोठ्याला देऊ नये ती याचमुळे.

## ५. जुनी फ्रेम घेताना अशी तपासा

सोबत नेण्याची हत्यारं: लोहचुंबक, टॉर्च, कापसाचा बोळा, तीन मीटर पक्का दोरा, स्टीलची पट्टी किंवा व्हर्नियर, एक रुपयाचं नाणं, ४-५-६ ची एलन चावी. तपासणी उजेडात, सायकल धुतलेली असताना करा. विकणारा धुवायला नको म्हणाला तर परत फिरा.

चुंबक लावा. चिकटलं तर स्टील. नाही चिकटलं तर बाकी तिघांपैकी काहीतरी.

स्टील असेल तर कोणतं ते ओळखा. स्टिकर नवा चिकटवता येतो, सीट पोस्टचा व्यास बदलता येत नाही. पोस्ट बाहेर काढून मोजा. सीट नळीचा बाहेरचा व्यास बहुधा २८.६ मिमी असतो. पोस्ट २७.२ मिमीची असेल तर नळीची भिंत ०.७ मिमी, म्हणजे चांगलं क्रोमोली. पोस्ट २५.४ ची निघाली तर भिंत १.६ मिमी, म्हणजे साधं जड स्टील. क्रोमोलीचे पैसे मागत असेल तर देऊ नका. पोस्ट जागची हलतच नसेल तर सौदा तिथेच थांबवा. स्टीलमध्ये ॲल्युमिनियमची पोस्ट वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिली की दोन धातूंच्या मधे क्षार फुगतो आणि ती जाम होते. ती काढता काढता फ्रेम जाते.

चिरा शोधा. टॉर्च तिरपी धरून या जागा क्रमाने बघा: हेड ट्यूब (हँडलखालची, चिमटा जिच्यात बसतो ती उभी नळी) आणि खालच्या दांडीचा जोड, खालच्या अंगाने; बीबीच्या वाटीभोवती; चेनच्या बाजूची मागची दांडी; सीट क्लॅम्पची फट; मागचं ड्रॉपआउट, म्हणजे चाकाचा एक्सल बसतो ती खाच. खालच्या दांडीवर हेड ट्यूबच्या मागे रंगाला सुरकुती किंवा फुगवटा असेल तर सायकल समोरून ठोकलेली आहे. मग बाकी काही बघत बसू नका.

रेघ रंगाची की धातूची, यात गोंधळ होतो. धातूच्या फ्रेमला यासाठी डाय पेनिट्रंटचे तीन स्प्रे फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपात असतात. रंग काढून जागा क्लीनरने पुसायची, लाल रंग मारून १० मिनिटं थांबायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. महाग फ्रेम असेल तर एवढा खटाटोप जरूर करा.

सरळ आहे का ते दोऱ्याने बघा. दोरा एका मागच्या ड्रॉपआउटला बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. आता सीट नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक २ मिमीच्या आत असावा. जास्त असेल आणि फ्रेम स्टीलची असेल तर जाणकार ती सरळ करू शकतो, ॲल्युमिनियमची असेल तर नको. रिम ब्रेकच्या फ्रेमला मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर १३० मिमी भरलं पाहिजे.

कार्बन असेल तर कापसाचा बोळा सगळ्या नळ्यांवरून हलकेच फिरवा. धागा उघडा पडला असेल तिथे कापूस अडकतो. मग नाण्याने दोन-दोन सेंमीवर टकटक करा. निरोगी जागी आवाज खणखणीत आणि सारखा येतो, थर सुटला असेल तिथे बद्द होतो. जोडाजवळ भिंत जाड असल्याने आवाज तसाही बदलतो, म्हणून डाव्या-उजव्या नळीची त्याच जागी तुलना करा. चिमटा बाहेर काढून त्याची नळी बघणं सोडू नका, कारण तो तुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. विकणारा चिमटा काढू देत नसेल तर जुना कार्बन घेऊ नका.

## ६. कागद

- दुकानाचं पक्कं बिल, त्यावर फ्रेम नंबर लिहून घेतलेला. नंबर बहुधा बीबीच्या खाली कोरलेला असतो.
- वॉरंटी कार्ड. वॉरंटी बहुतेक वेळा फक्त पहिल्या मालकाला असते. शर्यतीतला अपघात तीत धरला आहे का, ते अटींत वाचा. काही कंपन्या अपघातात गेलेल्या फ्रेमच्या बदल्यात सवलतीत नवी देतात, ते आधीच विचारून घ्या.
- जुनी सायकल असेल तर मूळ बिलाची प्रत आणि विकणाऱ्याच्या सहीची पावती. चोरीच्या सायकली फिरत असतात.
- फ्रेम नंबरचा आणि पूर्ण सायकलचा फोटो. रेल्वे पार्सलला, आणि वेळ आली तर पोलीस तक्रारीला, उपयोगी पडतो.

## ७. गावात सांभाळताना

सायकल खताच्या पोत्यांजवळ ठेवू नका. पोटॅश हे क्लोराइड आहे, युरिया हवेतली ओल ओढतो. दोन्ही मिळून स्टीलला गंज आणि ॲल्युमिनियमला पांढरे खड्डे पाडतात. फवारणीच्या औषधांपासूनही दूरच. कोठ्याऐवजी पडवीत, जमिनीपासून वर, खुंटीला टांगलेली बरी.

स्टील फ्रेमला पावसाळ्यापूर्वी आतून जवसाचं तेल द्या. रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड तेल हवं, खाण्याचं नको, ते वाळायला फार वेळ घेतं. सीट पोस्ट आणि बीबी काढून नळ्यांत मिळून ५०-६० मिली ओता, फ्रेम सगळ्या दिशांनी फिरवा, जादा तेल निथळू द्या आणि दोन-तीन दिवस टांगून वाळवा. तेलाचं फडकं गोळा करून कुठेही टाकू नका. जवसाचं तेल वाळताना स्वतःच तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. घरात कापूस साठवलेला असेल तर हे अजिबात विसरू नका. फडकं पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

सीट पोस्ट दर तीन महिन्यांनी काढून पुसा. धातूच्या फ्रेममध्ये ग्रीस लावा, कार्बनमध्ये ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा. सीट क्लॅम्प आणि हँडलचे बोल्ट बहुधा ५ न्यूटन-मीटरचे असतात, आकडा भागावरच छापलेला असतो. कार्बनला टॉर्क पान्याशिवाय, म्हणजे किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्याशिवाय, हात लावू नका.

एसटीच्या टपावर किंवा बोलेरोवर नेताना दोरी नळीवरून न घेता सीट पोस्टला आणि चाकांना बांधा. चाक काढून नेत असाल तर ड्रॉपआउटमध्ये तेवढ्याच मापाचा लाकडी ठोकळा किंवा जुना एक्सल अडकवा, नाहीतर वर दुसरं सामान पडलं की मागचा भाग आत दबतो.

## ८. पडल्यावर

शर्यतीत पडलात तर उठल्यावर आधी डोकं आणि गळ्याखालचं हाड (कॉलरबोन) बघा, सायकल नंतर. चाक फिरतंय, हँडल सरळ आहे, म्हणून लगेच वेग घेऊ नका. घरी आल्यावर पाचव्या पायरीतली सगळी तपासणी पुन्हा करा. कार्बनचा चिमटा समोरून ठोकला गेला असेल तर वरून काही दिसलं नाही तरी तो बदला. ॲल्युमिनियमच्या नळीला मधोमध छोटा, गोलसर पोचा असेल तर चालतो. त्याच्या टोकाला धारदार घडी असेल किंवा तो जोडाच्या दोन बोटांच्या आत असेल तर ती फ्रेम शर्यतीतून काढा. वाकलेला हँगर बदलण्याआधी चेन मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर टाकून पेडल मारू नका. डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा मागचा भाग, आऱ्यांत शिरतो, आणि एवढ्याशा हँगरपायी चाक, डिरेलर आणि फ्रेमची मागची दांडी एकदमच जाते.